तिच्या वतीने मी दिलेली उत्तरे

हे मी आजवर कोणापाशीही उच्चारलेले नाही. देवापाशी तरी उच्चारले का, असे विचाराल, तर तेही नीट नाही. रोजच्या संध्येत कळत-नकळत घडलेल्या पापांची क्षमा मागणारी वाक्ये माझ्या तोंडून जातात — पण ती सर्वांची वाक्ये आहेत, सगळ्या पापांना मिळून एकच. त्यांत या एका पापाचे नाव नसते. मग ते त्यांत धरले जात असेल का? मला ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात असे समजून लिहितो. मला पंचाहत्तर पूर्ण झाली आहेत. हात थोडा कापतो, पण अक्षर अजून वाचता येण्यासारखे आहे.

आधी मी कोण, ते सांगतो. मी देवणीला राहतो. बाहेरच्या लोकांना आमचे गाव गायीबैलांमुळे माहीत असते. इथल्या शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले. वडिलांकडून याज्ञिकी आली होती, तीही सांभाळली. घरात नृसिंहाची मूर्ती आहे आणि तिला रोज सोवळ्यातला नैवेद्य असे. तो नैवेद्य लग्न होऊन आल्या दिवसापासून माझ्या पत्नीने केला. पहाटे स्नान, धुतलेले सोवळे, चुलीवरचा स्वयंपाक, आणि अकराच्या सुमारास नैवेद्य दाखवला की मग आमची पाने. तोवर तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नसे.

तिचे नाव सुमती. आमच्या पिढीत पुरुष बायकोचे नाव घेत नसत; मीही घेतले नाही. इथे घेतो — कारण ‘आमच्या घरातील’ असे लिहीत राहिलो, तर पुन्हा एकदा तिला दाराआड उभे केल्यासारखे होईल.

सुमतीला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. लातूरच्या एका रुग्णालयाने एक संशोधन हाती घेतले. मधुमेहाच्या रोग्याने घरी बसून मोबाइलवर रोज आपली प्रकृती नोंदवली, तर त्याचा आजार आटोक्यात राहतो का, आणि त्याचे मनही ठीक राहते का — एवढा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चांगलाच होता. देवणी आणि आसपासच्या खेड्यांतली काही घरे त्यांनी घेतली, त्यांत आमचे घर होते. प्रत्येक घराला शुगर तपासायचे छोटे यंत्र मिळाले, पट्ट्या मिळाल्या, आणि मोबाइलमध्ये ते ॲप घालून मिळाले. आठवड्यातून तीन वेळा सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून आकडा भरायचा. रोज संध्याकाळी काही प्रश्नांची उत्तरे द्यायची.

हे सगळे शिकवायला आणि दर शुक्रवारी पाहणी करायला एक मुलगी नेमली होती — शीतल. बौद्ध वस्तीतली, माझीच विद्यार्थिनी. दहावीला संस्कृत घेऊन बसलेल्या थोड्या मुलींपैकी एक. पुढे नर्सिंगचे शिकली. हे काम वर्षाच्या कराराचे होते, पण ते चांगले झाले तर त्याच रुग्णालयात कायम होण्याची तिला आशा होती, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. तिचे सगळे त्यावर होते — वडील नव्हते, धाकटी बहीण शिकत होती. मोबाइल माझ्या हातात देत ती हसून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आमाला रोज पेपर दिला. आता हे तुमाला दिऊन राहिलं. पण नापास करत न्हाई, भिऊ नका."

नापास करत नाही — हे खरे नव्हते. पण त्याकडे येतो.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. सुईने रक्त काढले की सोवळे मोडते. सोवळे मोडले की नैवेद्याच्या चुलीपाशी जाता येत नाही, पुन्हा स्नान आले. मी हे शीतलला सांगितले. मला वाटले होते, ती गोंधळेल. ती सहज म्हणाली, "मग आंघोळीच्या आधी घ्या की गुरुजी. उठल्या उठल्या. एक मिनिट लागतंय." मी हो म्हटले. यावर दुसरे काय म्हणता आले असते?

आता ही जागा मला सावकाश लिहिली पाहिजे, कारण अनेक वर्षे मी स्वतःलाही ‘सोवळे आडवे आले’ असेच सांगत होतो. सोवळे आडवे आले नाही. आतुराला, म्हणजे आजारी माणसाला, हे नियम शिथिल असतात. हे मी शिकलो आहे आणि दुसऱ्यांना सांगत आलो आहे. शेजारच्या गल्लीतला एक गृहस्थ आजारी वडिलांच्या स्नानाविषयी विचारायला आला होता. त्याला मी उभ्या उभ्याच सांगितले की त्यांना काही लागू नाही, अंग पुसले तरी पुष्कळ. परक्यासाठी शास्त्र इतके दयाळू होते माझे. मग घरात का नव्हते?

कारण असे आहे. सुमतीला सुईची भीती वाटे आणि यंत्रावरचा आकडा दिसत नसे. म्हणजे टोचायचे मी. ती पाचला उठे. मी चारला उठून, स्नान करून पाठाला बसलेला असे, तो साडेसातपर्यंत. तिच्या बोटाचे रक्त पाहायचे, तर मला पाठातून उठावे लागले असते, किंवा चारला आधी तिला उठवून, ते करून, मग स्नान करावे लागले असते. एक मिनिट. त्या एका मिनिटाने माझी बैठक मोडते, हे मला सहन होत नव्हते. एवढेच. धर्माचे नाव घेऊन मी माझी सवय राखली.

पहिला सोमवार चुकला. ॲपवर त्या दिवसाच्या चौकटीत तांबडा ठिपका उमटला. बुधवार चुकला — दुसरा ठिपका. शुक्रवारी शीतल आली, तिच्याही मोबाइलवर ते दोन ठिपके होते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत तांबड्या खुणा केल्या होत्या. माझ्या घराच्या नावावर त्या पाहवेनात. पुढच्या सोमवारी पाठ आटोपून मी मोबाइल उघडला आणि त्या चौकटीत ११८ लिहिले. चौकट हिरवी झाली.

किती सोपे होते ते — सांगूनही पटणार नाही.

मग मी तेच करत राहिलो. १२४. १२१. ११९. दर वेळी तेच आकडे आले तर संशय येईल, हे मला कोणी शिकवले नव्हते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम १४० लिहीत असे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे, साबुदाण्याने वाढली असेल. पाहा, खोटे बोलतानाही माणूस आपली विद्या कशी वापरतो. छंदात एक मात्रा इकडची तिकडे करावी, तसे मी ते आकडे बसवत होतो. आणि — हे लिहायला नको वाटते — त्यात मला थोडी मौजही वाटत होती.

संध्याकाळचे प्रश्न तर अधिकच सोपे. पायांची आग होते का, मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतात का. रात्री झोप लागली का. आज कोणाशी मोकळेपणाने बोललात का. शेवटी पाच चेहऱ्यांची ओळ — रडणाऱ्यापासून हसणाऱ्यापर्यंत — त्यांतून आज मन कसे आहे तो चेहरा दाबायचा. हे प्रश्न सुमतीला होते. ती स्वयंपाकघरात असे, माझ्यापासून पंधरा पावलांवर. मी ओसरीवर बसून तिची उत्तरे देत असे. नाही, नाही, नाही. झोप लागली. बोलले. मग शेवटून दुसरा चेहरा, किंचित हसरा. अगदी हसरा दाबला नाही, कारण वयस्क स्त्रीला तो शोभणार नाही असे मला वाटले.

तिला एकदाही विचारले नाही. सहा महिन्यांत एकदाही नाही. आषाढापासून पौषापर्यंत.

तिला हे माहीत होते का? प्रश्न असतात, हे माहीत होते, आणि ते मी भरतो, हेही. एकदा पान वाढताना ती म्हणाली, "त्या मोबाइलला माझी लईच काळजी दिसती. रोज विचारतो म्हणे. घरात माणसं असून कुणाला सुचलं न्हाई." मी हसलो. तीही हसली. विनोद होता, असे आम्ही दोघांनी ठरवले.

दर शुक्रवारी दहाच्या सुमारास शीतल येई. आम्ही तिला ओसरीवर बसवत असू. पुढे येऊ देत नसू, हे स्पष्टच लिहितो. विद्यार्थिनी म्हणून तिचे मला कौतुक होते आणि तरी ती ओसरीवरच बसत असे. तिच्या कामात महिन्यातून एकदा रोग्याचे पाय पाहणे होते — तळवे, बोटांच्या बेचक्या, कुठे जखम आहे का. तिने पहिल्या महिन्यात तसे म्हटले. मी सांगितले, काकू सोवळ्यात आहेत, शिवता येणार नाही. ती म्हणाली, दुपारी येते. मी म्हटले, त्याची काही गरज नाही, पाय ठीक आहेत, लिही तसे. तिचे बोट त्या चौकटीवर थांबले. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "मी सांगतो ना." आणि तिने लिहिले — पाय पाहिले, ठीक. ज्याने आपल्याला शिकवले, तो समोर बसून सांगतो आहे — ती काय करणार होती? पुढच्या महिन्यांत तिने विचारणेही सोडले. मला पाहून चौकट भरू लागली.

मध्ये एकदा सर्वांना रक्त तपासायला उदगीरला बोलावले होते. तीन महिन्यांची शुगर एकदम कळते, ती तपासणी. तिथे सगळे उघडे पडले असते. नवरात्र चालू होते. मी अनुष्ठानाचे कारण सांगून नेले नाही. लातूरला आमचा आलेख हिरवा दिसत होता, म्हणून गोळी होती तेवढीच राहिली. वाढवायला हवी आहे, हे कोणाला कळणार?

मार्गशीर्षात चुलीतला निखारा सुमतीच्या उजव्या पायावर पडला. तिला तो कळला नाही. वाचा पुन्हा — पेटता निखारा पायावर पडला आणि तिला कळला नाही. कातडे जळाल्याचा वास आला, तेव्हा तिने खाली पाहिले, पाय झटकला आणि नैवेद्य पुरा केला. मला सांगितले नाही. हळद लावून, फडके बांधून चालत राहिली. पौषात एका सकाळी पूजेच्या खोलीतल्या फरशीवर मला ओले ठसे दिसले, एकाच पायाचे. ते पाण्याचे नव्हते.

जीपने उदगीर आणि तिथून लातूर. त्या दिवशी खरी शुगर मोजली, ती चारशेच्या वर निघाली. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला, असे डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आमचे शुगरचे यंत्र मागवून घेतले होते. मला माहीत नव्हते की ते यंत्र मोजलेला प्रत्येक आकडा स्वतःच्या स्मृतीत ठेवते. त्यात सहा महिन्यांचे मिळून चार आकडे होते, पहिल्या दिवशी शिकवताना घेतलेले. आणि ॲपमध्ये? पहिला आठवडा सोडला तर आठवड्याला तीन, न चुकता. ॲप घरचे माणूसही भरत असे आणि जिथे कोणाला जमत नाही, तिथे शीतल आपल्या मोबाइलवरून भरत असे. कोणी भरले, ते पडद्यावर दिसत नव्हते. फक्त रोग्याचे नाव दिसे.

त्यांनी मला विचारले, हे कोण भरत होते.

शीतल माझ्या डाव्या हाताला उभी होती. ती बातमी कळताच पहिल्या बसने आली होती. सुमती खाटेवर जागी होती. मी म्हणालो, "शीतल दर शुक्रवारी येत असे. तिच्याही मोबाइलवर ते आहे."

या दोन वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. तपासून पाहा. मी तपासले आहेत, पुष्कळ वेळा. खोटेपणा शब्दांत नसून मी त्यांच्यापुढे जे बोललो नाही, त्यात होता — आणि ते मला बोलण्याआधीच माहीत होते. म्हणून तर ती दोन वाक्ये मी इतकी नीट निवडली.

पुढे चौकशी झाली. शीतलला विचारले तेव्हा तिने सांगितले, आकडे मी भरले नाहीत, गुरुजींनी भरले. पण पाय न पाहता पाहिले असे लिहिले, ते मी लिहिले. तिने जे केले होते ते कबूल केले, आणि त्यामुळेच जे केले नव्हते तेही तिच्या माथी आले. एक चौकट खोटी भरणारी मुलगी बाकीच्याही भरू शकते, असे त्यांना वाटले. समोर निवृत्त शिक्षक, पांढऱ्या केसांचा, कपाळाला गंध. कोणावर विश्वास ठेवायचा? त्यांचीही फार चूक होती, असे मी म्हणणार नाही. करार मोडला. तिने भरलेल्या सगळ्या घरांच्या नोंदी संशोधनातून वगळल्या, त्यांत बाकीच्या घरांच्या खऱ्या नोंदीही गेल्या.

सुमतीला घरी आणल्यावर शीतल एकदा आली. ओसरीवर बसली नाही, उभीच राहिली. आधी काकूंच्या पायाचे विचारले. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी मॅडमला एक फोन करा. तुमचं ऐकतील. माझं कुणी ऐकून न्हाई राहिलं." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, बरं. आणि गेली. मी फोन केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

इथवर जे लिहिले, तेच माझे पाप, असे तुम्हांला वाटले असेल. मलाही पुष्कळ दिवस हे एवढेच आहे असे धरून चालता आले असते. पण ज्यासाठी मी लिहायला बसलो, ते पुढे आहे.

शीतलचे बोलणे सुमतीने आतून ऐकले होते. माघात पाय दाखवायला आम्ही लातूरला गेलो. डॉक्टरीणबाई जखम पाहत होत्या, बरी होते आहे म्हणाल्या. तेव्हा सुमतीने त्यांचे मनगट धरले. आयुष्यात चारचौघांत माझ्या आधी न बोललेली ही बाई — तिने मनगट धरले आणि म्हणाली, "बाई, त्या पोरीनं काई केलं न्हाई. आकडे ह्यांनी लिहिले. पहिल्या दिवसानंतर मला कुणी टोचलंच न्हाई. पोरीला परत घ्या."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले.

मी हसलो. मोठ्याने नव्हे, समजूतदारपणे, मान किंचित हलवून. आणि हळू आवाजात सांगितले की ऑपरेशनपासून तिचे असेच होते, दिवसांची आणि माणसांची सरमिसळ होते, कालचे आज म्हणून सांगते, आपण मनावर घेऊ नये. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर करुणा आली. तिच्यासाठी — आणि माझ्यासाठीही. त्यांनी सुमतीचा हात अलगद सोडवला आणि संगणकावर काही लिहिले. घरी येताना मिळालेल्या कागदावर ते इंग्रजीत छापून आले होते. मला तेवढे इंग्रजी कळते. रुग्णाला विस्मरण व संभ्रम. माहिती पतीकडून घ्यावी.

हे मी केले. जिने माझ्याशी संसार केला, तिची बुद्धी शाबूत असताना ती ढळली आहे, अशी साक्ष मी तिच्या देखत दिली. कशासाठी? माझा पाठ, माझे गंध, माझे गावातले गुरुजीपण — यांतले काहीतरी वाचावे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाठाला बसलो असताना ती काठी टेकत पूजेच्या खोलीच्या दारात आली. तिने मला तिथी सांगितली. "आज माघ शुद्ध नवमी. रोहिणी नक्षत्र. काल अष्टमीला आपण लातूरला गेलो. माझं ऑपरेशन पौषात झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरीणबाईंना म्हणालात, शीतल दर शुक्रवारी येत असे." मग विचारले, "सरमिसळ झाली का कुठं?"

मी पाठ थांबवला नाही.

याला आता पाच वर्षे झाली. त्या रुग्णालयात दर तीन महिन्यांनी जावे लागते. डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलतात. संगणकावरची ती ओळ बदलत नाही. सुमती शेजारी बसलेली असते आणि ते मला विचारतात — आजींना दुखतं का, आजी जेवतात का, आजींना झोप लागते का. मी सांगतो. ती समोरच्या भिंतीकडे पाहत असते. पहिले वर्षभर मध्येच काही बोलू पाहत असे. ते मान डोलावत आणि पुन्हा माझ्याकडे वळत. मग तिने सोडले.

शीतलचे लग्न होऊन ती धर्माबादला गेली. तिथे मिरचीच्या गोदामात मिरची निवडायला जाते, असे कळले. नर्सिंगचे काम तिला पुन्हा मिळाले नाही. जिथे अर्ज करी, तिथे आधीच्या कामाचे पत्र मागत. तिची आई देवणीच्या बाजारात दिसते. मी दिसलो की ती पुढच्या दुकानाकडे वळते.

नैवेद्य आता मी करतो. भात आणि वरण, मला येते तेवढे.

क्षमा मागण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. सुमतीला पैसे लागतात, झोप लागते, त्या मुलीला नोकरी लागत होती. क्षमा मला लागते, आणि ती मागणे म्हणजे पुन्हा माझेच काहीतरी मागणे झाले. शीतलने आकडे लिहिले नव्हते. ते मी लिहिले. सुमतीची बुद्धी ठीक होती आणि आहे. ही तीन वाक्ये मला त्या खोलीत म्हणायची होती. तिथे म्हटली नाहीत. ज्यांच्याकडे ती पोचायला हवीत, त्यांना या कागदाची प्रत पाठवीन. त्याने काय होईल ते होईल. पाच वर्षे उलटून गेली आहेत.

इथवर लिहून झाल्यावर काल दुपारी मी सुमतीला सगळे वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. मी वाचत असताना तिने हात थांबवला नाही, मध्ये काही विचारले नाही. वाचून संपले, तेव्हा म्हणाली, "एक राहिलं."

मी विचारले, काय.

"त्या माघानंतर चैत्रात गेलो होतो, तेव्हा तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. मी बाईंना पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, नीट. त्यांनी माझा हात थोपटला आन् म्हणाल्या, हो हो आजी, तुम्ही आराम करा."

एवढे सांगून तिने पुढची शेंग घेतली.

हे मला ठाऊक नव्हते. तिने सांगितले तसे, तिच्या शब्दांत, वर लिहिले आहे.